डिकन्सचे मासिक अंक: ३२ पानांचं गणित

शाईचा_डाग

'डिकन्सला शब्दावर पैसे मिळायचे, म्हणून त्यानं पाल्हाळ लावला' हे वाक्य दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या धाग्यावर येतंच. त्याचा एकदाच निकाल लावावा म्हणून हा वेगळा धागा. कादंबरी चांगली की वाईट ही चर्चा इथे नको, ती छापली कशी जायची तेवढंच बोलू.

'डॉम्बी अँड सन', 'डेव्हिड कॉपरफील्ड', 'ब्लीक हाउस', 'लिटल डॉरिट' या चारही कादंबऱ्या महिन्याला एक अंक अशा निघाल्या. अंकात मजकुराची ३२ पानं, म्हणजे १६ पानी दोन फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला मोठा कागद). त्याशिवाय पोलादी पट्टीवर कोरलेली दोन चित्रं, हिरवट कागदाचं वेष्टण आणि मागेपुढे जाहिरातींची पानं. किंमत १ शिलिंग. ३२ म्हणजे ३२च, ३१ चालत नाहीत आणि ३३ही चालत नाहीत. फर्मा अर्धा सोडला तर कोरा कागद वाया जातो, आणि एक पान वाढलं तर नवा फर्मा लावावा लागतो. शब्दांत मोजलं तर अंकाला १७-१८ हजार शब्द बसतात.

आता सांगा, जागा आधीच ठरलेली असताना पाल्हाळ लावून जास्तीचे पैसे मिळणार कुठून? लांबी ठरवली ती फर्म्यानं.

उंटावरचा_शहाणा

मला वाचल्याचं आठवतं की अंक १९ निघायचे, पण कादंबरी '२० भागांत' म्हणतात. हे काय गौडबंगाल आहे?

शाईचा_डाग

शेवटचा अंक जोड असायचा. १९ आणि २० एकाच वेष्टणात, किंमत २ शिलिंग. म्हणजे महिने १९ आणि खर्च बरोबर २० शिलिंग, एक पौंड. तेव्हा नवी तीनखंडी कादंबरी घ्यायला ३१ शिलिंग ६ पेन्स मोजावे लागत.

पानांचा हिशोबही करून पाहा. पहिले १८ अंक गुणिले ३२ म्हणजे ५७६. जोडअंकात मजकूर ६४ पानं नसायचा, ४८च असायचा. उरलेल्या जागेत शीर्षकपान, प्रस्तावना, अनुक्रमणिका, चित्रांची यादी. ५७६ अधिक ४८ म्हणजे ६२४. 'डॉम्बी', 'कॉपरफील्ड' किंवा 'ब्लीक हाउस'ची पहिली आवृत्ती कुठल्या ग्रंथालयात दिसली तर शेवटच्या पानाचा आकडा बघा, ६२४. चित्रांचंही तसंच: १८ गुणिले २ म्हणजे ३६, शेवटच्या अंकात ४, एकूण ४०. त्या चारांपैकी दोन म्हणजे मुखचित्र आणि सचित्र शीर्षकपान. पुस्तकाच्या सुरुवातीला लागणारी ही पानं वाचकाच्या हातात सगळ्यात शेवटी पडायची.

कागदी_वाघ

'शब्दावर पैसे' चूक हे मान्य, पण मुळात अगदीच धूर नव्हता असं नाही. 'पिकविक'चा १८३६चा ठराव फर्म्यावर होता: प्रकाशक चॅपमन अँड हॉलकडून फर्म्याला ९ गिनी (१ गिनी म्हणजे २१ शिलिंग), महिन्याला दीड फर्मा. म्हणजे सुरुवातीला अंक २४ पानांचा आणि चित्रं चार. 'ऑलिव्हर ट्विस्ट' बेंटलीच्या मासिकात आली तेव्हा तर १६ पानांच्या लेखाला २० गिनी असा दर होता आणि पानं कमी भरली की बेंटली त्या प्रमाणात पैसे कापायचा. त्यावरून दोघांत ठिणग्या उडाल्या त्या उडाल्याच.

पण इथेही वरची मर्यादा बांधलेली होती. पुढे 'डॉम्बी'पासून तो नफ्यातला तीन-चतुर्थांश वाटा घेऊ लागला. तिथे कमाई किती प्रती खपल्या यावर, लांबीवर अजिबात नाही.

शाईचा_डाग

@कागदी_वाघ, बरोबर. माझं पहिलं विधान १८४६ नंतरच्या कादंबऱ्यांपुरतंच धरा.

खिळेजुळारी

'पिकविक'चे २४चे ३२ कसे झाले तेही इथे यायला हवं, कारण पुढच्या सगळ्यांचा साचा एका अपघातातून आलाय. मूळ कल्पना चित्रकार रॉबर्ट सीमूरची: शिकारी क्लबाच्या फजितीची चित्रं, आणि त्यांना जोडायला कुणीतरी मजकूर लिहायचा. पहिल्या अंकानंतर, २० एप्रिल १८३६ला, सीमूरनं आत्महत्या केली. दुसऱ्या अंकाची त्याची तीनच चित्रं तयार होती, अंक तीन चित्रांवर निघाला. मग प्रमाण फिरवलं, चित्रं चारावरून दोनावर आली आणि मजकूर २४वरून ३२ पानांवर गेला. तिसऱ्या अंकाची चित्रं आर. डब्ल्यू. बसनं केली. त्याला पट्टीवर आम्लानं कोरायचा सराव नव्हता, ती जमली नाहीत, आणि चौथ्यापासून हॅब्लट ब्राऊन आला, तोच 'फिझ'. पिकविकचा नोकर सॅम वेलर अवतरतो तो याच चौथ्या अंकात, जुलै १८३६. तिथून खप चढला, शेवटी ४० हजारांच्या आसपास गेला.

थोडक्यात, आधी चित्रकाराच्या हाताखाली लेखक होता, चार महिन्यांत उलटं झालं.

मृणालिनी_वाचते

पण ३२ पानं नेमकी भरतील हे हातानं लिहिताना कळायचं कसं? टंकयंत्र नाही, शब्द मोजायची सोय नाही.

खिळेजुळारी

त्याला स्वतःच्या अक्षराचा हिशोब पाठ होता. 'हार्ड टाइम्स'च्या टिपणांत त्यानं तो मांडूनच ठेवलाय: माझ्या हस्ताक्षरातली १५ पानं म्हणजे 'ब्लीक हाउस'चा एक फर्मा, १६ छापील पानं. हाच फर्मा 'हाउसहोल्ड वर्ड्स' या डिकन्सच्याच साप्ताहिकाच्या दोन रकान्यांत बसवला की सव्वादहा पानं होतात. म्हणजे साप्ताहिकाच्या एका पानाला हस्तलिखिताचं दीड पान. आठवड्याला पाच पानं कथा द्यायची, तेव्हा साडेसात पानं लिहायची.

म्हणजेच मासिक अंकासाठी हस्तलिखिताची साधारण ३० पानं. हंसाचं पीस, पुढे पुढे निळी शाई, कागदाच्या एकाच बाजूला लिखाण. एकच बाजू का, तर छापखान्यात हस्तलिखिताचे तुकडे करून ते वेगवेगळ्या जुळाऱ्यांना, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांना, वाटत. पाठपोट लिहिलं असतं तर एका जुळाऱ्याचा मजकूर दुसऱ्याच्या पाठीवर गेला असता. तारुण्यातलं अक्षर मोकळं आहे, उत्तरायुष्यातलं दाट, ओळींमध्ये दुरुस्त्यांचं रान. त्यामुळे १५ला १६ हे प्रमाण आयुष्यभर एकच धरू नका.

मृणालिनी_वाचते

आणि हिशोब चुकला तर?

खिळेजुळारी

चुकायचाच. दोन्ही बाजूंनी.

जास्त झालं तर प्रुफात काटछाट. 'डॉम्बी'चा पहिला अंक लोझानला बसून लिहिला, तो सहा पानं जास्त झाला. डिकन्सच्या मनात होतं की चौथं प्रकरण, ते जहाजी उपकरणांच्या दुकानाचं, उचलून दुसऱ्या अंकात टाकावं. त्याचा मित्र आणि पुढे चरित्रकार जॉन फॉर्स्टरनं हे होऊ दिलं नाही. प्रकरण जागेवर राहिलं आणि मजकूर ओळीओळीनं कापला. डिकन्स परदेशी असताना प्रुफं बघणं आणि कापणं हे काम बऱ्याचदा फॉर्स्टरकडेच असे.

कमी पडलं तर जास्त अवघड, कारण प्रुफं हातात येईपर्यंत महिना संपत आलेला असतो. 'डॉम्बी'च्याच सहाव्या अंकात दोन पानं कमी भरली. तेव्हा मुक्काम पॅरिसला. टपालानं प्रुफं जायची-यायची तेवढा वेळ नव्हता, म्हणून तो स्वतः लंडनला आला आणि दोन पानं लिहून दिली.

'अवर म्युच्युअल फ्रेंड'चा १६वा अंक अडीच पानं कमी पडला. ९ जून १८६५च्या स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातानंतरचा हा अंक. लटकत्या डब्यात पुन्हा चढून त्यानं हस्तलिखित बाहेर काढलं होतं. 'पिकविक'नंतर असं कधी झालं नव्हतं, असं तो फॉर्स्टरला कळवतो. 'डॉम्बी'ची पॅरिस-लंडन धावपळ विसरला असावा!

सगळ्यात मोठी चूक शेवटच्या कादंबरीत. 'एडविन ड्रूड'चे पहिले दोन अंक छापून पाहिले तर दोन्ही मिळून १२ पानं कमी. मग दुसऱ्यातलं एक प्रकरण पहिल्यात सरकवलं आणि दुसरा अंक नव्यानं बांधला. हे डिसेंबर १८६९मधलं, पहिला अंक एप्रिल १८७०चा. चार महिने हाताशी होते म्हणून निभावलं.

कागदी_वाघ

अंकाच्या टिपणांबद्दल कुणी लिहिणार आहे का? नसेल तर मी लिहितो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात फॉर्स्टरनं दिलेली हस्तलिखितं आहेत, त्यांत प्रत्येक अंकाचं एक टिपणपान आहे. 'डॉम्बी'पासून ती सलग सापडतात. पानाचे उभे दोन भाग केलेले. उजवीकडे अंक क्रमांक, त्या अंकातली प्रकरणं, त्यांची नावं, कोण काय करतं हे थोडक्यात. डावीकडे स्वतःशी चाललेली घासाघीस: अमुक पात्र या अंकात आणायचं का? खाली उत्तर: नाही. पुढच्या वेळी. किंवा: हो. 'ब्लीक हाउस'च्या टिपणात झाडूवाल्या जोसमोर लिहिलंय, 'जो? हो. मारून टाक.' आणि १५व्या अंकात, ४७व्या प्रकरणात, तो पोरगा मरतो. तेच प्रकरण वाचताना डोळे भरून आलेल्यांनी हे टिपण शक्यतो बघू नये.

हे पान करायची गरज का पडली तेही बघा. 'ब्लीक हाउस'मध्ये दोन निवेदक आणि भरमसाट पात्रं. एखादं पात्र तीन अंक दिसलं नाही तर वाचकाच्या हिशोबी ते तीन महिने गायब आहे. पुस्तकात तीच गोष्ट दोन संध्याकाळींची. म्हणून बोलण्याची लकब, हातवारे, ठरावीक वाक्य. 'कॉपरफील्ड'मधल्या मिकॉबरची 'काहीतरी निघेल' ही आशा पुस्तकात सलग वाचताना अती होते, पण महिन्याच्या अंतरानं आलेल्या वाचकाला माणूस ओळखायची तीच खूण.

उंटावरचा_शहाणा

अहो, पण चित्रकाराला मजकूर महिनाअखेरीला मिळत असेल तर चित्रं कोरणार कधी?

खिळेजुळारी

मजकूर पुरा व्हायच्या आधीच. डिकन्स प्रसंग निवडून ब्राऊनला वर्णन पाठवायचा, कधी प्रकरणाचा तयार तुकडा. ब्राऊन पेन्सिलीचं रेखाटन करून मंजुरीला धाडायचा, ते शेरे मारून परत यायचं, मग पट्टीवर काम सुरू. पोलादाच्या पट्टीवर मेणासारखा थर, त्यात सुईनं रेघा ओढायच्या, मग आम्लात बुडवायची. जिथे रेघ गडद हवी तिथे आम्ल जास्त वेळ, फिकट हवी तो भाग झाकून टाकायचा. चित्र छापताना उलटं उमटतं, म्हणून पट्टीवर सगळं आरशातल्यासारखं काढावं लागतं.

गडबड कुठे होते? वर्णन आणि चित्र जुळत नाही तिथे. 'डॉम्बी'त मिसेस पिपचिनशेजारी छोटा पॉल एका बुटक्या खुर्चीत, शेकोटीच्या कोपऱ्यात बसून तिच्याकडे वर बघतोय असं लिहिलेलं. छापून आलेल्या चित्रात तो उंच खुर्चीवर. डिकन्स परदेशात, चित्र दिसलं ते फार उशिरा. फॉर्स्टरला लिहिलेल्या पत्रात त्याचा संताप बघण्यासारखा आहे. ब्राऊनची बाजू घेऊन एवढंच म्हणेन की दोन आठवड्यांत दोन पट्ट्या, त्याही दोन-दोन तीन-तीन प्रतींत, हे काही सोपं काम नव्हतं.

जुनी_प्रत

त्या 'दोन-तीन प्रतीं'वर थांबा, कारण जुनी पुस्तकं विकत घेणाऱ्यांची फसगत तिथेच होते.

खप ३० हजारांच्या घरात गेला की एक पट्टी पुरत नाही, वेळही पुरत नाही. म्हणून एकच चित्र दोन किंवा तीन पट्ट्यांवर वेगवेगळं कोरायचे आणि एकाच वेळी अनेक यंत्रांवर छापायचे. हातानं कोरलेलं असल्यामुळे बारीक फरक राहतात. 'मार्टिन चझलविट'च्या सचित्र शीर्षकपानावर रस्त्याच्या पाटीवर बक्षिसाची रक्कम आहे, काही प्रतींत पौंडाचं चिन्ह आकड्याच्या आधी, काहींत नंतर. विक्रेते 'चिन्ह नंतर म्हणजे पहिली छपाई' म्हणून किंमत चढवतात. पट्ट्या एकाच वेळी वापरात असतील तर आधी-नंतर ठरवणार कशावरून? 'पिकविक'च्या शीर्षकपानावर पाटीवरचं नाव 'व्हेलर' की 'वेलर' हा फरक मात्र खरंच आधी-नंतरचा आहे, 'व्हेलर' आधीचं.

घेण्याआधी तपासायच्या गोष्टी:

- शिवणीची भोकं. सुटे अंक पाठीजवळ आरपार टोचून शिवलेले असत. नंतर एकत्र बांधलेल्या प्रतीत ही भोकं आतल्या समासात दिसतात. दिसली तर प्रत सुट्या अंकांतून बांधलेली. न दिसणं हा वाईट माल नव्हे, प्रकाशकानं शेवटी कापडी बांधणीत विकलेली प्रत असू शकते.
- चित्रांची जागा. सुट्या अंकात दोन्ही चित्रं मजकुराच्या आधी एकत्र लावलेली असत. बाइंडरनं शेवटच्या अंकातली यादी बघून ती ज्या त्या पानासमोर नेणं अपेक्षित होतं. आळशी बाइंडरच्या हातून चित्रं भलत्या पानांसमोर जातात. मोजून ४० भरत असतील तर घाबरायचं कारण नाही.
- चित्रांचे डाग. चित्रांचा कागद मजकुराच्या कागदापेक्षा जाड आणि वेगळा, त्यावर तपकिरी ठिपके लवकर येतात आणि समोरच्या पानावर चित्राची सावली उमटते. ते धुऊन काढलेलं असेल तर कागद मऊ, पिठूळ लागतो.
- वेष्टणं आणि जाहिराती. बाइंडर लोक त्या फाडून टाकत, म्हणून आज त्याच दुर्मीळ. एका संचातली वेष्टणं दुसऱ्या संचाला लावून 'पूर्ण संच' उभा करण्याचा उद्योग जुनाच आहे. १९ही अंकांच्या कडांची झीज आणि रंगाचा उडालेपणा सारखा आहे का बघा.

मृणालिनी_वाचते

वेष्टणावरचं चित्र १९ महिने तेच असायचं ना? मग कथा पुढे कुठे जाणार हे पहिल्याच महिन्यात काढायचं?

कागदी_वाघ

हो, एकच. म्हणून ते मोघम काढलेलं असतं, पण अगदीच मोघम काढलं तर विकायला उपयोग नाही. 'ड्रूड'चं वेष्टण डिकन्सचा जावई चार्ल्स कॉलिन्सनं रेखाटलं. ठरलेल्या १२पैकी सहाच अंक लिहून झाले आणि ९ जून १८७०ला डिकन्स गेला. तेव्हापासून लोक त्या वेष्टणातल्या आकृत्यांवरून खुनी शोधतायत. माझ्या मते त्यात फारसं काही सापडायचं नाही.

उंटावरचा_शहाणा

वाचकांच्या पत्रांवरून कथा बदलायची हे खरं का? की तीही दंतकथा?

शाईचा_डाग

खरं आहे, पण छापलेला अंक मागे घेता येत नाही, म्हणून दुरुस्ती पुढेच करावी लागते. 'कॉपरफील्ड'च्या आठव्या अंकात, डिसेंबर १८४९, मिस मॉचर ही बुटकी बाई येते, लबाडीच्या वळणावर. शेजारच्या एका खऱ्या बाईनं स्वतःला त्यात ओळखलं आणि तक्रार केली. मार्च १८५०च्या ११व्या अंकात तीच मॉचर अचानक सज्जन होऊन येते. सांधा स्पष्ट दिसतो.

'ब्लीक हाउस'च्या दहाव्या अंकात क्रुक नावाचा भंगारवाला आपोआप पेटून मरतो. समीक्षक जी. एच. लुईसनं 'लीडर' या साप्ताहिकात हे अशास्त्रीय म्हणून झोडपलं. डिकन्सनं लगेच पुढच्या प्रकरणात जुन्या दाखल्यांची यादी घालून टोला दिला. शास्त्राच्या बाजूनं लुईसच बरोबर होता.

आणि 'चझलविट'चा खप २० हजारांच्या आसपास घसरला तेव्हा नायकाला अमेरिकेला धाडलं. फरक पडला, पण जेमतेम दोनेक हजारांचा.

खिळेजुळारी

साप्ताहिकात हे सगळं आणखी आवळतं. 'हार्ड टाइम्स' २० आठवडे, १ एप्रिल ते १२ ऑगस्ट १८५४. जागा चेंगरून टाकते अशी त्याची तक्रार आहे. लगेच नंतर त्याच साप्ताहिकात एलिझाबेथ गॅस्केलची 'नॉर्थ अँड साउथ' सुरू झाली. तिची प्रकरणं ठरलेल्या मापात तुटेनात, संपादक डिकन्स वैतागला, तिला शेवट घाईत उरकावा लागला. १८५५च्या पुस्तकात तिनं तो शेवट वाढवून घेतला. जिच्या कथेला हळूहळू पिकायला जागा लागते तिला आठवड्याची पाच पानं देणं हीच संपादकाची चूक, असं माझं मत.

मोडीवाचक

थोडं अवांतर. आपल्याकडे क्रमशः कादंबरी रुजली त्यात डिकन्सपेक्षा जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सचा वाटा मोठा, तोच तो, एक पेनीला आठवड्याचा एक भाग काढणारा इंग्रज लेखक. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' रेनॉल्ड्सवर बेतलेली. पुढे 'करमणूक'मध्ये हरिभाऊ लेखकही आणि संपादकही. तिथे जागेचं भांडण स्वतःचं स्वतःशीच.

मृणालिनी_वाचते

आमच्या वाचनगटात 'कॉपरफील्ड' मूळ अंकांप्रमाणे वाचायचं ठरतंय. प्रकरणांची वाटणी कुणाकडे आहे का?

शाईचा_डाग

ही घ्या. अंकामागे प्रकरणं: १) १–३, २) ४–६, ३) ७–९, ४) १०–१२, ५) १३–१५, ६) १६–१८, ७) १९–२१, ८) २२–२४, ९) २५–२७, १०) २८–३१, ११) ३२–३४, १२) ३५–३७, १३) ३८–४०, १४) ४१–४३, १५) ४४–४६, १६) ४७–५०, १७) ५१–५३, १८) ५४–५७, १९-२०) ५८–६४.

महिन्याला एक जमत नसेल तर दोन आठवड्यांना एक ठेवा, पण अंक मध्ये तोडू नका. दहाव्याचा शेवट (प्रकरण ३१) आणि सतराव्याचा (५३) वाचून झाल्यावर मुद्दाम थांबायला लावा. पुढचं प्रकरण त्याच रात्री उघडणारे गटात एक-दोन निघतातच, त्यांना शेवटचा जोडअंक वाचून दाखवायचं काम द्या.